टप्पाकाकांचा बॉल

टप्पाकाकांनी आयुष्यात कुणाच्या हातात म्हणून कधी काही दिलं नाही. ते टाकायचे. किल्ली असो, लिंबू असो, साबणाची वडी असो, नाहीतर सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळं असो, हात मांडीला घासून मागे जायचा, सावकाश पुढे यायचा, आणि ती वस्तू गॅलरीच्या लादीवर एक टप्पा घेऊन समोरच्याच्या ओंजळीत येऊन बसायची. केळ्याला टप्पा कसा पडतो ते मला विचारू नका. आमच्या गॅलरीत पडायचा. चाळीत लग्न होऊन आलेल्या सुना आधी दचकायच्या आणि मग काका दिसले की आपोआप ओंजळ पुढे करायला शिकायच्या. माझ्या आईला हे बिलकुल खपायचं नाही. "माणसासारखं हातात द्या की हो," ती म्हणायची. त्यावर काका म्हणायचे, "वहिनी, हातात दिलं की माणूस बघतसुद्धा नाही काय दिलं ते. टाकलं की बघतो."

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत त्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून होती. त्यांचं खरं नाव काय ते पोस्टमनला ठाऊक असेल. भोईवाड्याच्या कोर्टात कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. कोर्टाने त्यांना दिलेली एकच सवय म्हणजे कुठलंही काम अडलं की "पुढची तारीख" म्हणून मोकळं व्हायचं. नळाला पाणी आलं नाही, पुढची तारीख. पंखा दुरुस्त झाला नाही, पुढची तारीख. मूलबाळ नव्हतं. अशा माणसाबद्दल लिहिताना चाळीतली सगळी पोरं त्यांचीच होती असं म्हणायची पद्धत आहे, पण मी तसं म्हणणार नाही. पोरांना काका नको असायचे, पोरांना त्यांचा बॉल हवा असायचा.

मला क्रिकेट आवडत नाही, हेही इथेच सांगून टाकते. आमच्या घराच्या दोन काचा, आईची एक बरणी आणि माझी असंख्य दुपारींची झोप या खेळाने फोडलेली आहे. पन्नाशी उलटली तरी चाळीतले लोक मला बेबी म्हणतात आणि मी खिडकीतून डोकावले की "बेबीताई आली, बॉल लपवा" असं ओरडतात. तरीसुद्धा काकांच्या बॉलबद्दल मला लिहावंसं वाटतंय, त्याअर्थी त्या बॉलमध्ये काहीतरी होतंच.

चाळीच्या गल्लीत जे क्रिकेट चालतं ते टीव्हीवरचं नव्हे. हात खांद्यावरून फिरवायचा नाही, कारण तेवढी जागाच नाही. बॉल खालून टाकायचा, अंडरआर्म. भिंतीला थेट लागला तर आऊट, पिठाच्या गिरणीत गेला तर आऊट, कुणाच्या खोलीत शिरला तर आऊट आणि वर शिव्या. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटतो. पण डिलाईल रोड, लालबाग, काळाचौकी, अख्ख्या गिरणगावात चाळीचाळींत याच्या स्पर्धा चालतात, आणि त्यात हरलेली माणसं वर्षभर मान खाली घालून चालताना मी पाहिली आहेत. त्या सगळ्या गल्ल्यांतून टप्पाकाकांचं नाव होतं. कोर्टात ज्यांना साहेब लोक नुसतं "अहो" म्हणायचे, त्यांना काळाचौकीतली अनोळखी पोरं वाकून नमस्कार करायची.

त्यांचा बॉल असा. तो हळू यायचा. इतका हळू, की बॅट घेतलेल्या माणसाला काकांची दयाच यावी. मग टप्पा पडायचा आणि बॉल थांबायचा. खरंच थांबायचा, एखादी व्यक्ती उंबऱ्यात थबकते तसा. बॅट तोवर फिरून गेलेली असायची. मग बॉल आपला सावकाश दुसऱ्या बाजूला वळून स्टंप म्हणून ठेवलेल्या तेलाच्या डब्याला टेकायचा. मोठा आवाजही नाही. नुसतं टक्. पोरं डोकं धरायची आणि काका म्हणायचे, "घाई कोणाला होती? बॉलला जरा विचार करू द्यावा."

हे वाक्य ते क्रिकेटपुरतं ठेवत नसत, हाच त्यांचा त्रास होता. तिशीत माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा सगळी चाळ आमच्या दारात सल्ले घेऊन उभी राहिली. कुणी म्हणालं मुलाच्या घरी जाऊन जाब विचारा, कुणी म्हणालं महिनाभरात दुसरं बघून बार उडवून द्या. काका आले, गॅलरीतूनच माझ्याकडे एक लिंबू टाकलं आणि म्हणाले, "सरबत करून पी. नुसता टप्पा पडलाय, अजून बॉल वळायचाय. तोवर बॅट फिरवू नको." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. पण मी सरबत प्याले, कुणाकडे जाब मागायला गेले नाही आणि दुसरं लग्नही केलं नाही, आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

मग एका सकाळी समोरच्या गॅलरीतल्या माणसाला त्यांनी गच्चीची किल्ली टाकली आणि ती खाली गटारात पडली. बस, एवढंच झालं. पण गॅलरीत दात घासणारी, तांब्या घेऊन निघालेली, पेपर वाचणारी सगळी माणसं जिथल्या तिथे थांबली. काकांच्या हातून वस्तू खाली पडलेली कुणी पाहिलेलीच नव्हती. काका उजव्या हाताकडे बघत उभे राहिले. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखी आपली आपण हलत होती. त्यांनी तो हात लेंग्याच्या खिशात घातला आणि आत गेले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी धीमा होईल, बरा होणार नाही, असंही सांगितलं. काकांनी नेहमीप्रमाणे "पुढची तारीख" म्हटलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच सुमारास चाळ पाडून टॉवर बांधायचं पक्कं झालं. सह्या झाल्या, वर्षभरात खोल्या रिकाम्या करायचं ठरलं. लोक नव्या घरात संडास आत असेल की बाहेर यावर बोलायचे, काका गल्लीबद्दल बोलायचे. "टॉवरला गल्ली नसते, बेबी," ते म्हणाले. "पार्किंग असतं. हात जातोय, गल्ली जातेय. दोन्ही जाऊ देत, मी कुठे अडवतोय? पण बॉल राहिला पाहिजे. तो माझ्याबरोबर गेला तर मी एवढी वर्षं नुसता कोर्टात जाऊन आलो असं होईल." हे सांगताना ते हसत होते, पण खिशातला हात हसत नव्हता. बॉल टाकणारं मशीन करायचं हे त्यांनी तिथेच, माझ्या उंबऱ्यात उभं राहून ठरवलं.

आता, ज्या माणसाला घरातला बल्ब बदलायला पोरांना हाक मारावी लागते त्याने मशीन करावं म्हणजे काय? टीव्हीवर कुठल्यातरी मैदानावर त्यांनी तसं मशीन बघितलं होतं. दोन चाकं फिरतात, मध्ये बॉल सोडला की तो पलीकडे सुटतो. काका म्हणाले, सोपं आहे. लाकूड बघायला ते मला रे रोडच्या वखारीत घेऊन गेले, कारण फळी हातात धरायला माणूस हवा होता. वखारवाल्याने सागाचे तुकडे समोर मांडले आणि विचारलं, "देव्हाऱ्यासाठी हवंय का काका?" काका जरा विचारात पडले आणि म्हणाले, "हो, तसंच काहीतरी." परत येताना फळी माझ्या खांद्यावर, आणि ते पुढे, एक हात खिशात घालून, फार दिवसांनी ऐटीत चालत होते.

चाकं मिळाली भंगारवाल्याकडे, लहान मुलांच्या तीनचाकी सायकलची. नळी प्लास्टिकची, पाण्याच्या पाइपाची. राहिली मोटार. ती घरातच होती, काकींच्या शिवणयंत्राला बसवलेली.

काकींबद्दल सांगायला हवं. काकी मूळच्या मालवणकडच्या, उंचीने लहान, आवाजाने मोठ्या, आणि अख्ख्या चाळीचे ब्लाउज त्यांच्याकडे शिवायला. नवऱ्याच्या क्रिकेटला त्यांनी जन्मभर "ता तुमचा कायता" यापलीकडे नाव दिलं नव्हतं. त्या गल्लीत खेळ बघायला एकदाही उतरल्या नव्हत्या. त्यांच्या यंत्राची मोटार पायाखालच्या पॅडलने चालायची. जितकं दाबाल तितकी जोरात, पाय सैल केला की हळू. काकांना नेमकं तेच हवं होतं. लग्नसराईच्या तोंडावर, काकी बाजारात गेलेल्या असताना त्यांनी मोटार सोडवून घेतली. त्यानंतर भिंतीपलीकडून जे काही ऐकू आलं ते इथे लिहिता येणार नाही. "लोकांच्यो पोरी काय बिनब्लाउजच्यो बोहल्यार चढतले?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य.

मशीन उभं राहिलं. सागाच्या चौकटीत एक चाक वर, एक खाली. एकच मोटार, एक पट्टा सरळ आणि एक आठच्या आकड्यासारखा पिळलेला, म्हणजे दोन्ही चाकं उलट दिशांनी फिरावीत. खालचं चाक जरा जड होतं आणि जास्त वेगाने फिरायचं, कारण काकांचं म्हणणं असं, की बॉलला खालून ढकललं पाहिजे, तरच तो टप्पा पडल्यावर मागे ओढल्यासारखा थांबेल. चौकट एका बाजूला कलती केली की बॉल वळेल. हे सगळं त्यांनी आपल्याच मनगटाकडे बघून काढलं होतं. ते मनगट आता फक्त बघण्यापुरतं उरलं होतं.

गल्लीत दिवसभर स्कूटरी उभ्या, म्हणून काकांनी मशीन गॅलरीत लावून जमवायला घेतलं. बॉल नळीत सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण कामधंदा सोडून घरी बसलेली मीच होते. पहिल्या दिवशी बॉल वाळत घातलेल्या पापडांत गेला, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वरणात. काका कलतेपणा वाढवत होते, कमी करत होते, प्रत्येक वेळी "पुढची तारीख" म्हणत होते, आणि एका दुपारी बॉल नाकासमोर सरळ जाऊन गॅलरीच्या टोकाला ठेवलेल्या डब्याला लागला. रविवारी मोठ्या थाटात मशीन गल्लीत उतरवलं. चाळीच्या संघाचा कप्तान दिगू, कुरिअरच्या ऑफिसातला, तिशीचा, पोट सुटलेला, बॅट घेऊन उभा राहिला. पहिला बॉल पिठाच्या गिरणीत. दुसरा बॉल पिठाच्या गिरणीत. सगळेच बॉल गिरणीत. गिरणीवाला पीठ झाडत बाहेर आला.

चूक सापडायला वेळ लागला. आमची गॅलरी बाहेरच्या अंगाला उतरती आहे, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बांधणाऱ्याने मुद्दाम तशी ठेवलेली. काकांनी तो उतार धरून मशीन सरळ केलं होतं, आणि म्हणून बाकी सगळ्या जगात ते वाकडं होतं. काकी वरून कठड्याला टेकून हे बघत होत्या. "जल्म गेलो तुमचो हय," त्या ओरडल्या, "आणि गॅलरी वाकडी आसा ता आज कळला?" सगळी गल्ली हसली. काकाही हसले. पण नंतर गॅलरीत येऊन त्यांनी चप्पल काढली आणि अनवाणी पायाने इकडून तिकडे चालत राहिले. "मला कधी जाणवलंच नाही गं, बेबी," ते म्हणाले. "आपण सगळे इतकी वर्षं जरा तिरपेच चालतोय." मग त्यांनी मशीन सरळ केलं, या वेळी गल्लीत बसून.

बॉल डब्यावर येऊ लागला. पोरं खूश. सरावाला असं मशीन कुठल्या चाळीकडे आहे? पण काका खूश नव्हते. बॉल येत होता, टप्पा पडत होता, थोडा वळतही होता. थांबत मात्र नव्हता. खुर्चीत बसून ते एकेक बॉल बघायचे आणि मान हलवायचे. "हा कुणाचाही बॉल आहे," ते म्हणायचे. चाकं बदलली, पट्टे बदलले, काही फरक नाही. त्यात उजव्या हातापाठोपाठ पायही थरथरायला लागला होता. पॅडलवर त्यांचा पाय ठरत नव्हता, मोटार कधी घरघरायची, कधी किंचाळायची. एक दिवस त्यांनी पाय उचलून बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी, एखादं सामान उचलून ठेवावं तसा. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीनला सवय माझी लागायला हवी होती. आता माझीच मला सवय राहिली नाही." त्या दिवशी मी रडले. घरी येऊन, नळ सोडून, कारण भिंत पातळ होती.

दुसऱ्या दिवशी काकी खाली उतरल्या. गल्लीत बायका थांबून बघू लागल्या. काकींच्या हातात कुणाचातरी अर्धा शिवलेला ब्लाउज होता, तो त्यांनी काखेत मारला, स्टूल ओढलं आणि मशीनपाशी बसल्या. "बसतंय मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काय ता तुमचा एकदा होऊन जांवदे आणि माझी मोटार सोडा." मी नळीत बॉल सोडला. काकींनी पॅडल दाबलं, बॉल घरंगळल्याचा आवाज आला तसा त्यांचा पाय अर्धा वर आला. बॉल सुटला, टप्पा पडला, थांबला. दिगूची बॅट फिरून गेली. मग बॉल वळला आणि डब्याला टेकला. टक्.

काका खुर्चीतून उभे राहिले. त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं, पण उभे राहिले. "परत कर," ते म्हणाले.

"काय परत करू? मी काय्येक करूक नाय."

"पाय उचललास तू."

"उचलूचोच लागता," काकी वैतागून म्हणाल्या. "शिवण सपत इली काय पाय उचलूचो. नायतर सुई बोटात जाता."

पाय सैल झाला की पट्टे जरा घसरायचे, वरचं हलकं चाक आधी मंदावायचं, खालचं जड चाक फिरत राहायचं, आणि बॉल नेमका त्या क्षणी मधून जायचा. हे आम्हाला पुढे कधीतरी उमगलं. तेव्हा कुणीच काही समजून घेतलं नाही. काकींनी परत केलं, परत केलं, आणि दर वेळी बॉल थांबला. काका बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. पुढे एकदा मला हळूच म्हणाले, "तिला सांगू नकोस हं, डोक्यात घेईल. पण आमच्या घरात बॉलर ती होती."

मोटार काही परत गेली नाही. काकी शिवणयंत्र हाताने चाक फिरवून चालवू लागल्या आणि रोज संध्याकाळी गल्लीत येऊन बसू लागल्या. खेळ त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. बॉल कुठे जातो हे त्या बघायच्याच नाहीत. बघायच्या नवऱ्याकडे. काका खुर्चीत बसून, मनासारखा बॉल पडला की डावा हात वर करायचे, तो हात त्या मानाने धड होता. हात वर झाला की काकी पुढच्या बॉलला पाय तसाच ठेवायच्या. नाही झाला तर जरा लवकर उचलायच्या, जरा उशिरा उचलायच्या, हात वर होईपर्यंत. असं शिवणकाम मी कधी पाहिलं नव्हतं.

खोल्या रिकाम्या करायच्या आधीच्या रविवारी दिगूने निरोप धाडले. डोंबिवली, विरार, बदलापूर, जिथे जिथे चाळीतली माणसं पांगली होती तिथून लोक आले. टकलं पडलेली, चष्मे लागलेली, बायकामुलांना घेऊन आलेली माणसं गल्लीत रांग लावून उभी राहिली. प्रत्येकाला एक बॉल. प्रत्येकजण कपाळावर आठ्या घालून, जपून, नीट बघून खेळत होता, आणि प्रत्येकाची बॅट रिकामी फिरत होती. टक्. हशा. पुढचा. काकांचा डावा हात खाली येतच नव्हता. "घाई कोणाला होती?" ते एकेकाला विचारत होते, आवाज बारीक झाला होता पण विचारत होते. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता, आणि क्रिकेट न आवडणाऱ्या बाईने हे म्हणावं, याला काही अर्थ असेल.

त्यानंतर चाळ पांगली. काका-काकींना परळला एका उंच इमारतीत भाड्याची खोली मिळाली, मला जवळच दुसऱ्या इमारतीत. तिथे दारं बंद असतात. गॅलरी नाही, समोर ओंजळ धरणारं कुणी नाही. मशीन फ्रिजशेजारी काकींच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेलं होतं. काकांना बोलणं जड जाऊ लागलं होतं, गिळणं जड जाऊ लागलं होतं. संध्याकाळ झाली की ते लुगड्याकडे बघायचे, आणि काकी स्टूल ओढून थोडा वेळ नुसतीच मोटार चालवायच्या. चाकं रिकामी फिरायची. काका डोळे मिटून ऐकायचे आणि मधूनच डावा हात थोडासा उचलायचे.

पावसाळा संपता संपता त्यांच्या छातीत कफ झाला आणि आठवड्याच्या आत ते गेले. चाळीतली माणसं पुन्हा आली, त्याच गावांहून. काकी रडल्या नाहीत. कुणाला चहा मिळाला, कुणाला नाही, हेच बघत राहिल्या. बायका आपसात कुजबुजल्या, रडायला हवं, छातीत राहिलं तर वाईट. काकी म्हणाल्या, "बॉल ठेवन गेले ते माझ्याकडे. रडान काय करू?" आणि खरंच त्यांना तसं वाटत होतं. मी रोज जायचे, त्या मला जेवायला वाढायच्या, आणि म्हणायच्या, पोरांना बोलाव, सराव चुकता कामा नये.

पोरं आता लालबागच्या पुलाखाली खेळायची. एका रविवारी दिगू हातगाडी घेऊन आला, मशीन चढवलं, काकींना टॅक्सीत बसवलं. जवळच्या मंडळाच्या बोर्डावरून वायर ओढली. पोरांनी आधीच एक स्टूल आणून पुसून ठेवलं होतं. समोर डबा मांडला. काकी बसल्या, पदर खोचला, पॅडलवर पाय ठेवला आणि सवयीने समोर बघितलं. काकांच्या खुर्चीच्या जागी पुलाचा खांब होता. मी नळीत बॉल सोडला.

पाय वर आला नाही. बॉल सरळ गेला, टप्पा पडून सरळच पुढे गेला, शाळेतल्या पोरानेही टोलवावा असा. दिगू बॅट घेऊन उभा होता. त्याने बॅट फिरवली, ती बॉलच्या कितीतरी आधी. बॉल डब्यावर आदळला.

"इलो काय रे?" काकींनी विचारलं.

"आला काकी," दिगू म्हणाला. "तोच. काकांचा."

काकी हसल्या. मी पुढचा बॉल सोडला, मग पुढचा. मी त्यांच्या पायाकडेच बघत होते. तो दाबलेला होता आणि दाबलेलाच राहत होता. एकेक जण येत होता. काळाचौकीच्या संघाला रडवणारी ही पोरं, सरळ, साध्या, हळू बॉलवर वेडीवाकडी बॅट फिरवत होती आणि डोकं धरून परत फिरत होती. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एकाने तर डोळे मिटून घेतले होते, ते मला दिसलं. काकी दर वेळी विचारत होत्या, "इलो?" आणि सगळे मिळून ओरडत होते, "आला!"

ऊन उतरल्यावर काकी म्हणाल्या, पुरे, टॅक्सी नको, चालत जाऊया. आम्ही दोघी पुलाच्या कडेने निघालो. पूल मागे पडला तशी काकींची चाल मंदावली. मग माझा हात धरून म्हणाल्या, "बेबी, खरां सांग. बॉल सरळ जाय होतो मा?"

काकींशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. मी हो म्हटलं.

"पोरां मुद्दाम चुकवी होती?"

"हो."

त्या थांबल्या. रस्त्यावरून बस गेली, ती जाईपर्यंत थांबल्या. "त्या दिवसा पण तसाच केलानी काय गो? चाळीत? ह्यांका बरा वाटाचा म्हणान?"

"नाही काकी," मी म्हटलं. "त्या दिवशी खरंच थांबत होता. मी नळीपाशी होते, मी बघितलाय. माणसं जीव तोडून खेळत होती आणि कुणालाही जमत नव्हतं. काकांचाच बॉल होता तो."

"खरां?"

"तुमची शपथ."

काकींनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी खरं बोलत होते आणि ते त्यांना कळलं. "मगे गेलो गो तो," त्या म्हणाल्या. "बॉल पण गेलो." आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसून, तोंडात पदर न घालता, मोठ्याने रडू लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. मागून दिगू आणि पोरं मशीन हातगाडीवर घालून येत होती. आम्हाला दोघींना बसलेलं बघून ती लांबच थांबली, आणि काकींचं रडणं संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.